पावतीपासून १०बीई प्रमाणपत्रापर्यंत : छोट्या न्यासांसाठी ८०जीचे काम, क्रमाने

जुलै उजाडला की न्यासांच्या कार्यालयांत ठरलेला फोन येतो. "मी नोव्हेंबरात पंचवीस हजार दिले होते. सीए म्हणतात नुसती पावती चालत नाही, १०बीई आणा." १०बीई म्हणजे न्यासाने आयकर पोर्टलवरून काढून द्यायचे देणगीचे प्रमाणपत्र. खजिनदार कपाटातून पावतीची स्थळप्रत काढतो. तिच्यावर नुसते आडनाव आणि गाव, पॅनची जागा कोरी. आणि देणग्यांचे विवरण (फॉर्म १०बीडी) भरायची मुदत ३१ मे रोजीच संपलेली. देणगीदार भांडत बसत नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संस्थेला देतो, एवढेच.

गोंधळाचे मूळ असे, की ८०जी (देणगीदाराला देणगीवर वजावट देणारे आयकराचे कलम) हे मे महिन्यात सीएने करायचे काम आहे असा समज आहे. खरे तर ते पैसे हातात पडतात त्या दिवशी करायचे काम आहे. मे महिन्यात फक्त ते पोर्टलवर चढते.

खालील माहिती महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या सार्वजनिक न्यासांसाठी आहे. कलमे आणि फॉर्मचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातले, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंत मिळालेल्या देणग्यांसाठीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असून ८०जीची वजावट त्यात कलम १३३ मध्ये आहे. त्या तारखेनंतरच्या देणग्यांसाठी फॉर्मचा क्रमांक पोर्टलवर पाहून घ्या. देणगीदाराकडून माहिती घ्यायची शिस्त मात्र तशीच ठेवा.

टप्पा १ : मंजुरी आज चालू आहे का, ते आदेश उघडून पाहा

धर्मादाय आयुक्तांची नोंदणी, १२एची नोंदणी (न्यासाच्या स्वतःच्या उत्पन्नाला करातून सूट देणारी) आणि ८०जीची मंजुरी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की पुढच्या दोन आपोआप मिळत नाहीत. पीटीआर क्रमांक (धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक) मिळाल्याबरोबर पावतीवर 'करसवलतपात्र' छापून मोकळे होणारे न्यास आजही आहेत. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांचे तर वेगळेच. त्यांना वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, आणि तिचा ८०जीशी काडीचा संबंध नाही.

आयकर खात्याच्या मंजुरी आदेशाची प्रत (फॉर्म १०एसी किंवा १०एडी) समोर ठेवून तीन गोष्टी पाहा.

१. मुदत. आदेशावर बहुधा 'करनिर्धारण वर्ष' लिहिलेले असते आणि इथेच सर्वांत मोठी फसगत होते. 'करनिर्धारण वर्ष २०२६-२७ पर्यंत' याचा अर्थ मार्च २०२७ पर्यंत नव्हे. करनिर्धारण वर्ष आर्थिक वर्षाच्या एक वर्ष पुढे असते, म्हणून ती मंजुरी ३१ मार्च २०२६ ला संपते. २०२१ साली नव्या पद्धतीने पाच वर्षांची मंजुरी घेतलेल्या असंख्य न्यासांची मुदत हीच होती, आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी, ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करायचा होता.

२. तात्पुरती की नियमित. नव्या न्यासाला तात्पुरती मंजुरी तीन वर्षांची मिळते. नियमित मंजुरीचा अर्ज (फॉर्म १०एबी) ती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करावा लागतो. 'तीन वर्षे आहेत की अजून' म्हणत बसलेले न्यास या दुसऱ्या अटीत अडकतात.

३. १२ए आणि ८०जीची मुदत वेगवेगळी लिहून ठेवा. २०२५ च्या वित्त कायद्याने लहान न्यासांना (सूट धरण्याआधीचे उत्पन्न मागच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत) १२एची नोंदणी पाच ऐवजी दहा वर्षांसाठी मिळण्याची सोय केली. ८०जीसाठी ती सोय नाही, ती पाचच वर्षांची. दोन्ही एकत्र घेतल्या म्हणून दोन्ही एकत्र संपतील असे धरू नका.

*खबरदारी :* १२एचे नूतनीकरण चुकवले तर प्रकरण नुसत्या सवलतीवर थांबत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वेळेत अर्ज न करणाऱ्या न्यासाच्या निव्वळ मालमत्तेवर, बाजारभावाने, कमाल दराने कर लागू शकतो (कलम ११५टीडी). न्यासाच्या नावावर जुनी इमारत असेल तर त्या आकड्याची कल्पना करून पाहा.

*तपासा :* विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची सूचना) दाखल झाला आहे का? मुदत ९० दिवसांची आहे. पोर्टलवर सही करणारा विश्वस्त तीन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला आहे, हे ३० मेच्या रात्री कळून उपयोग नसतो. न्यासाच्या उद्देशांत बदल केला असेल तर आयकर खात्याकडे ३० दिवसांत वेगळा अर्जही लागतो.

टप्पा २ : पावती पुस्तक छापण्याआधी

छापखान्यात जुनी पावती नमुना म्हणून देऊ नका, तिच्यावर जुना आदेश क्रमांक असतो. नव्या पावतीवर एवढे हवेच :

- न्यासाचे नोंदणीपत्रावर आहे तसे पूर्ण नाव, पत्ता, पीटीआर क्रमांक आणि न्यासाचा पॅन
- ८०जीचा यूआरएन (आयकर खात्याने दिलेला मंजुरी क्रमांक), आदेशाची तारीख आणि मंजुरीचा कालावधी
- छापील अनुक्रमांक
- देणगीदाराचे पॅन कार्डावरचे पूर्ण नाव, पिन कोडसह पत्ता, पॅन, मोबाइल, ईमेल
- रक्कम आकड्यांत व अक्षरांत, तारीख, रोख/चेक/ऑनलाइन, चेक किंवा व्यवहाराचा क्रमांक
- देणगीचा प्रकार : कायम निधी, ठरावीक कामासाठी की सर्वसाधारण

यूआरएनची चूक फार होते. १२एला एक यूआरएन असतो आणि ८०जीला दुसरा. दोन्हींची सुरुवात न्यासाच्या पॅननेच होते, त्यामुळे दोन्ही सारखेच दिसतात, फरक शेवटच्या काही अक्षरांत असतो. आदेशात कोणत्या कलमाखालची मंजुरी आहे ते वाचूनच उतरवा.

'५०% करसवलत' असे ठळक छापायचा मोह टाळा. कारण पुढच्याच टप्प्यात आहे.

टप्पा ३ : देणगी मागताना सवलतीबद्दल नेमके काय सांगायचे

बहुतेक कार्यकर्ते सांगतात, "अर्धे पैसे करात परत मिळतात." हे चूक आहे. अर्धी रक्कम परत मिळत नाही, अर्धी रक्कम उत्पन्नातून वजा होते. त्यावर मर्यादाही आहे.

एक हिशेब करू. देणगीदार जुन्या करपद्धतीत आहे. इतर वजावटी जाऊन त्याचे उत्पन्न ८,००,००० रुपये उरते. त्याने तुम्हाला १,००,००० दिले. उत्पन्नाच्या १० टक्के, म्हणजे ८०,००० इतकीच देणगी हिशेबात धरली जाते. तिच्या निम्मे, ४०,००० वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यात त्यावरचा कर ८,००० आणि ४ टक्के उपकर ३२० धरून वाचतात ८,३२० रुपये. पन्नास हजारांची आशा दाखवून आठ हजार हाती पडले, की माणूस तुमच्या हिशेबावरच नव्हे, कामावरही संशय घेतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. नव्या करपद्धतीत ८०जीची वजावट नाहीच. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हीच पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. पगारदार देणगीदारांपैकी अनेकांना आपण कोणत्या पद्धतीत आहोत हेही माहीत नसते. म्हणून सवलतीच्या जोरावर देणगी मागणे आता पूर्वीइतके कामाचे राहिलेले नाही, आणि ते बरेच झाले. काय काम आहे, किती खर्च आहे, ते सांगून मागा. सवलतीचे एकच वाक्य पुरे : "आमच्याकडे ८०जीची मंजुरी आहे, तुम्हाला वजावट लागू होते का ते सल्लागाराला विचारा."

टप्पा ४ : पैसे घेताना

हा टप्पा नीट झाला तर पुढचे सगळे कारकुनी काम आहे.

*रोख.* २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट शून्य. 'पाच हजार दिले तर निदान दोन हजारांवर तरी मिळेल' असे होत नाही, पूर्ण पाच हजार बाद होतात. मग काही जण दोन-दोन हजारांच्या पाच पावत्या फाडतात. तसे करू नका. विवरणात एका माणसाच्या एकाच प्रकारच्या देणग्या एकत्र होतात आणि 'रोख १०,०००' असे स्वच्छ दिसते. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच प्रसंगासाठी, दोन लाख वा त्याहून जास्त रोख घेणे तर कलम २६९एसटी खाली बेकायदा आहे. दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे न्यासाला बसतो.

*चेक.* पावतीवर 'चेक वटल्यास ग्राह्य' लिहा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या आणि एप्रिलमध्ये जमा झालेल्या चेकची वेगळी यादी ठेवा. ते कोणत्या वर्षात धरायचे हे सीएंना विचारून एकदाच ठरवा आणि देणगीदारालाही तेच कळवा. तुमच्या विवरणात एक वर्ष आणि त्याच्या आयकर विवरणपत्रात दुसरे, असे झाले की नोटीस त्याला जाते.

*यूपीआय.* क्यूआर कोड लावला की देणग्या वाढतात आणि नावे हरवतात. बँकेच्या उताऱ्यात अर्धवट नाव आणि एक आयडी, बाकी काही नाही. उपाय साधा आहे. क्यूआरशेजारी मोठ्या अक्षरात मोबाइल क्रमांक लिहा : 'पावतीसाठी नाव, पत्ता व पॅन या क्रमांकावर पाठवा.' त्याच दिवशी न पाठवणारा नंतर क्वचितच पाठवतो, म्हणून दोन दिवसांत एकदा उतारा पाहून आठवण करा.

*वस्तू.* धान्य, ब्लँकेट, व्हीलचेअर, संगणक यांवर ८०जी नाही. वस्तूंसाठी वेगळ्या रंगाचे पुस्तक ठेवा आणि त्यावर ८०जीचा उल्लेखच नको. 'बाजारभावाने पावती द्या' असा आग्रह झाला तरी नम्रपणे नाही म्हणा.

*कायम निधी.* ही रक्कम कायम निधीतच जावी असे देणगीदाराचे लेखी पत्र हवे. वर्षअखेरीस खजिनदाराने परस्पर 'कॉर्पस' असा शिक्का मारणे चालत नाही. ही रक्कम कलम ११(५) मध्ये सांगितलेल्या गुंतवणुकीतच, कायम निधी म्हणून वेगळी दिसेल अशी ठेवायची.

*दानपेटी आणि निनावी पैसे.* निव्वळ धार्मिक न्यासांना पुढचा नियम लागू नाही. समाजसेवी न्यासांना मात्र तो महागात पडतो. देणाऱ्याचे नाव-पत्ता नोंदलेला नसेल ती देणगी निनावी. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यांतली मोठी रक्कम सोडून उरलेल्या निनावी रकमेवर सरळ ३० टक्के कर. समजा वर्षभराच्या देणग्या १२,००,००० आणि त्यांत निनावी १,८०,००० आहेत. पाच टक्के होतात ६०,०००, म्हणून सूट एक लाखाची. उरलेल्या ८०,००० वर कर २४,००० आणि उपकरासह २४,९६०. हे पैसे तुम्ही खर्च करून टाकले असले तरी कर सुटत नाही.

इथे एक फरक ध्यानात घ्या. १०बीई द्यायला ओळख क्रमांक लागतो, पण देणगी 'निनावी' ठरू नये यासाठी नाव आणि पत्ता पुरतो. म्हणून पॅन द्यायला तयार नसलेल्याचेही नाव-पत्ता सोडू नका. पेटीशेजारी एक वही आणि दोरीने बांधलेला पेन ठेवला तरी बरीच रक्कम वाचते.

*परदेशातून.* भारतीय पासपोर्ट असलेला, परदेशात राहणारा माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी नव्हे. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असो वा तो इथल्या खात्यातून रुपयांत देवो, त्याची देणगी विदेशीच. एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. नोंदणी असेल तरी ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात हीच चूक होते : सगळे 'आपलेच', म्हणून कुणी पासपोर्ट विचारत नाही. पैसे घेण्याआधी पासपोर्टची प्रत मागा.

टप्पा ५ : दर महिन्याची जुळवणी

महिना संपला की पावती पुस्तक, बँकेचा उतारा आणि देणगी नोंदवही यांची बेरीज एक यायला हवी. अर्ध्या दिवसाचे काम आहे. वर्षाचे एकदम काढले तर आठवडा जातो आणि तरीही जुळत नाही. रद्द पावतीच्या सगळ्या प्रती पुस्तकातच ठेवा, फाडून टाकू नका.

टप्पा ६ : एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत, १०बीडीची तयारी

१०बीडीच्या नमुन्यात प्रत्येक देणगीदाराची एक ओळ असते : ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक, कलम, यूआरएन व त्याची तारीख, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, मिळण्याचा मार्ग, रक्कम. पॅन नसेल तर आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा शिधापत्रिका यांचे क्रमांकही चालतात. पण ज्याला वजावट घ्यायची आहे त्याचा पॅनच घ्या.

क्रम असा ठेवा :

१. नोंदवहीतून एकाच माणसाच्या, एकाच प्रकारच्या आणि एकाच मार्गाने आलेल्या देणग्या एकत्र करा. 'सौ.' लावून एक आणि न लावता एक, अशी एकाच बाईंची दोन नावे इथे सापडतात.
२. पती-पत्नीच्या संयुक्त नावाची देणगी त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात विभागा. प्रमाण सांगितले नसेल तर नियमाने समान वाटणी.
३. पॅन तपासा. दहा अक्षरे, त्यांत पहिली पाच आणि शेवटचे अक्षर रोमन, मधले चार अंक. इंग्रजी 'ओ' आणि शून्य यांची अदलाबदल ही नेहमीची चूक.
४. एक्सेलमध्ये ओळख क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच आकडे भरा. नाहीतर बारा अंकी आधार क्रमांकाचे एक्सेल स्वतःच्या मनाने छोटे रूप करते आणि सीएसव्ही फाइलमध्ये तेच चुकीचे जाते.
५. ज्यांना ८०जीची पावती दिली ते सगळे यादीत आहेत ना? 'ज्यांनी मागितले त्यांचेच भरू' ही पद्धत घातक आहे. न मागणारा जुलैत मागतो.

*तपासा :* यादीची बेरीज + ओळख क्रमांक नसलेल्या देणग्या + निनावी रक्कम = हिशेबपत्रकातल्या पैशांच्या रूपातल्या (वस्तू सोडून) एकूण देणग्या. फरक आला तर पुढे जाऊ नका. लेखापरीक्षकही पुढे हाच प्रश्न विचारणार आहे.

टप्पा ७ : भरणे आणि १०बीई देणे

न्यासाच्या पॅनने आयकर पोर्टलवर लॉग-इन करून १०बीडी निवडा, सीएसव्ही चढवा आणि विश्वस्ताच्या डिजिटल सहीने किंवा ईव्हीसीने (इलेक्ट्रॉनिक पडताळणी कोडने) पडताळणी करा. डिजिटल सहीची मुदत संपली आहे का ते मेच्या पहिल्याच आठवड्यात पाहा.

मुदत ३१ मे. पण एक खाच आहे : देणगीदाराला १०बीई देण्याची मुदतही तीच, आणि १०बीई पोर्टलवर यायला विवरण भरल्यावर साधारण एक दिवस लागतो. ३१ मे रोजी भरणारा न्यास प्रमाणपत्राला उशीर करणारच. आपली मुदत २० मे समजा.

१०बीई पोर्टलवरूनच उतरवायचे, लेटरहेडवर टाइप करून दिलेले चालत नाही. ते पाठवताना सोबत दोन ओळी लिहा : 'आयकर विवरणपत्रातील ८०जीच्या तक्त्यात यावरचा एआरएन (देणगीचा संदर्भ क्रमांक), आमचा पॅन आणि रक्कम आहे तशी भरावी.' एआरएन रिकामा सोडल्यामुळे वजावट अडकलेल्या देणगीदाराचा राग न्यासावरच निघतो.

*खबरदारी :* विवरणाला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. चाळीस दिवसांचे ८,०००. शिवाय विवरण न भरल्यास किंवा प्रमाणपत्र न दिल्यास १०,००० ते १,००,००० रुपये दंड होऊ शकतो.

टप्पा ८ : भरल्यानंतर चूक सापडली तर

पॅन, नाव किंवा रक्कम चुकली असेल तर सुधारित १०बीडी भरता येते. सुधारल्यावर त्या देणगीदाराचे १०बीई पुन्हा उतरवा आणि जुने वापरू नका असे लेखी कळवा. हे जून महिन्यातच उरका. पगारदारांच्या विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ जुलै असते आणि अनेक जण जूनमध्येच भरून टाकतात.

राहून गेलेल्या देणगीदाराला पावतीवर मागची तारीख टाकून किंवा चालू वर्षात रक्कम दाखवून 'समजून घेऊ' नका. बँकेच्या उताऱ्यावर खरी तारीख असते. पावती क्रमांक आणि बँक नोंद असेल तर सुधारित विवरणात त्याची ओळ घाला. त्याच्याकडे ओळखीचा कोणताच क्रमांक मिळत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, आणि त्या पावतीच्या स्थळप्रतीवर शेरा मारून ठेवा.